इंदूर जवळ येतंय

मनमाड-इंदूर रेल्वेच्या नावाने लोक उगाच बोटं मोडतात. काम दिसत नाही म्हणणाऱ्यांनी जरा अंतर बघावं. 2018 साली करार झाला तेव्हा हा मार्ग 362 किलोमीटरचा होता. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो 309 किलोमीटरचा. एकही गाडी न सोडता सहा वर्षांत 53 किलोमीटर कमी! हाच वेग टिकला तर 2059 च्या सुमारास इंदूर आपसूक मनमाडच्या फलाटाला येऊन टेकेल. सरकारचे या मार्गासाठीचे 18,036 कोटी वाचतील, आणि धुळेकर इंदूरच्या सराफ्यातली जिलबी खाऊन पायी घरी येतील.

धुळेकरांना तशी घाई नाहीच. अख्ख्या खानदेशाचं ठाणं धुळ्यात होतं, तेव्हाही इंग्रजांच्या काळातल्या जीआयपी रेल्वेची मुख्य लाईन चाळीसगाव-जळगाव करत भुसावळला निघून गेली. धुळ्याला 1900 साली चाळीसगावहून एक फाटा मिळाला. तो स्टेशनात येऊन थांबला तो थांबलाच. त्यामुळे धुळ्याहून नरडाण्याला जायचं तर रस्त्याने पस्तीसेक किलोमीटर, आणि रेल्वेने? आधी उलट्या दिशेला चाळीसगाव, तिथून जळगाव, तिथून सुरत लाईनने अमळनेर करत नरडाणा. दोनशेच्या वर किलोमीटर. खानदेश दर्शनाचे वेगळे पैसे पडत नाहीत.

हा वळसा मोडायला मनमाड-इंदूर मार्गातला, धुळ्याजवळचा बोरविहीर-नरडाणा हा तुकडा आधी घ्यायचं ठरलं. फेब्रुवारी 2019 मध्ये धुळ्यात खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर आपल्याकडे दोन लोकसभा निवडणुका वेळेवर पार पडल्या.

तिकडे जळगावची निराळीच तऱ्हा. जालन्याहून निघालेली रेल्वे जळगावला आणायची की खामगावला न्यायची, हा जुना वाद. खामगावकरांची मागणी इंग्रजांच्या काळातली, म्हणजे ज्येष्ठता यादीत सर्वांत वर. पण ज्येष्ठतेने बढती मिळते, रेल्वे मिळत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये जालना-जळगावला मंजुरी मिळाली: 174 किलोमीटर, सात हजार कोटींच्या वर खर्च. गाडी अजिंठ्यावरून जाणार. परिसराची निवड अचूक आहे. त्या लेण्यांचं काम इसवी सनापूर्वी सुरू झालं, मध्ये काही शतकं ठप्प होतं, मग वाकाटकांच्या काळात पुन्हा निधी आला. विलंबाचं कारण सांगायची वेळ आलीच तर पुरावा खिडकीतूनच दाखवता येईल.

खरं सांगायचं तर सगळ्यात सुखाचा काळ सर्वेक्षणाचा. मार्ग ठरलेला नसतो तोवर तो सगळ्यांच्या गावातून जातो. प्रत्येक तालुक्यात रेल्वे आणल्याचे फलक लागतात, पेढे वाटले जातात, आणि सगळे फलक एकाच वेळी खरे असतात. मार्ग ठरला की एका गावाला स्टेशन मिळतं आणि उरलेल्या दहांना कृती समिती.

आमच्याकडच्या ओट्यावरचे नाना घ्या. रेल्वेबद्दल त्यांचं मत पक्कं होतं: स्टेशन आपल्या गावाला, रूळ शेजारच्याच्या वावरातून. मनमाड-इंदूरवर 30 नवी स्टेशनं होणार, हे पेपरात वाचल्यापासून भेटेल त्याला एकच प्रश्न, "त्या 30 मा आमनं गाव शे का नई?" पुढे मोजणीवाले आले. त्यांना चहा पाजून, केळी खाऊ घालून नानांनी आपली डाळिंबाची बाग दाखवली आणि दगड बांधाच्या पलीकडे रोवून घेतला. शेजारी चिडला, बोलेनासा झाला. नाना आठ दिवस ओट्यावर जरा उंच बसायचे.

मग मोबदल्याच्या गोष्टी गावात आल्या. शेजाऱ्याच्या कोरडवाहू तुकड्यात रातोरात बोअर उतरली आणि सकाळी तो बागायतदार म्हणून उठला. नाना दोन दिवस गप्प होते. परवा ते केळीचा घड स्कूटरला बांधून धुळ्याकडे निघालेले दिसले. "कुठे, नाना?" विचारलं तर म्हणाले, "मोजणीच्या साहेबांकडे. बांधाच्या अलीकडूनही एक पर्याय निघतो म्हणतात. फार नाही, वीस-पंचवीस फूटच सरकवायचंय."