‘लीगल डिपार्टमेंट’ला ट्रॉम्बेहून खुलं पत्र

मा. व्यवस्थापक,
रिक्रूटमेंट, क्वालिटी चेक आणि लीगल डिपार्टमेंट यांस
(तिन्ही खाती एकाच मोबाइल नंबरवर असल्याने पत्रही एकच.)



आमच्या चिता कॅम्पातल्या गल्लीत राहणाऱ्या, नुकत्याच बी.कॉम. झालेल्या मुलीला आपली ‘अंतिम कायदेशीर नोटीस’ पोचली. याआधीच्या दोन नोटिसाही अंतिमच होत्या. घरबसल्या फॉर्म भरायचं काम आपण तिला दिलंत, ते नापास केलंत आणि आता नुकसानभरपाई म्हणून साडेसहा हजार मागताय. त्यातले तीन हजार तिने घाबरून भरलेसुद्धा. आपल्या वसुलीखात्याचं अभिनंदन.

घरून काम शोधणाऱ्याने कुठल्या प्लॅटफॉर्मवर जावं, याची तुलना हल्ली जो तो करत असतो. आपल्याला मात्र त्या यादीत कोणी धरत नाही. हा अन्याय आज दूर करतो.

फाइव्हर घ्या. शंभर डॉलरचं काम केलं की वीस डॉलर तेच कापून घेतात. अपवर्कवर साध्या अर्जालाही ‘कनेक्ट’ नावाची टोकनं लागतात, एक टोकन पंधरा सेंटचं. एका अर्जाला अशी बरीच जातात आणि काम दुसऱ्यालाच मिळालं तरी खर्च आपलाच. नवख्या माणसाला रेटिंग नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून रेटिंग नाही. ॲमेझॉनचं मेकॅनिकल टर्क 2005 पासून चालू आहे. तिथे एकेका तुकड्याला काही सेंट मिळतात आणि काम देणाऱ्याला ते पसंत पडलं नाही तर तेही नाहीत.

आणि आपण? रात्री साडेदहाला मेसेज टाकला तर दोन मिनिटांत ‘हॅलो डिअर कँडिडेट’. अनुभव विचारला नाही, परीक्षा घेतली नाही, शिक्षणाची चौकशी नाही. अर्ज करून करून कंटाळलेल्या मुलीशी पहिल्यांदा कोणीतरी नीट बोललं, ते आपण. खोटं कशाला बोला, सौजन्यात आपला हात कोणी धरणार नाही. त्या बड्या मंडळींनी उत्तरं द्यायला एक माणूस ठेवला असता, तर आपलं दुकान निम्मं बसलं असतं. पैसे आधी भरा, काम मग बघू, ही सवयही टोकनं विकणाऱ्यांनीच लावली. आपण तयार रानात पेरलंत.

कामाची रचना तर कौतुकाचीच. सहा दिवस, सहाशे फॉर्म, अचूकता नव्वद टक्के. फॉर्म म्हणजे धूसर स्कॅन. त्यात इंग्रजी एल, आय आणि एकचा आकडा अशा बेताने छापलेले की छापणाऱ्यालाही ओळखू येऊ नयेत. मी एक फॉर्म स्वतः बघितला. आडनावानंतर टिंब आहे की स्क्रीनवरचा डाग, हे मोबाइल डोळ्याशी धरूनही कळलं नाही. आपल्या ‘क्यूसी’ला मात्र लगेच कळलं. मुलीने डाग सोडला तर टिंब सुटलं म्हणून चूक, टिंब दिलं तर जादा टिंब म्हणून चूक. ती टिंब घालत-काढत पहाटे तीनपर्यंत बसली. सातव्या दिवशी निकाल: नापास. आठव्या दिवशी ‘ॲडव्होकेट साहेबांचा’ फोन. साहेबांचा आवाज रिक्रूटमेंटवाल्या सरांसारखाच होता म्हणे. भाऊ असतील.

करारही वाचला. शंभराच्या स्टँपपेपरचा फोटो, आणि खाली तिच्याच ओळखपत्रावरची सही कापून चिकटवलेली. अकराव्या कलमाचा आपण फोनवर वारंवार उल्लेख करता, म्हणून मीही एक कलम सांगतो: भारतीय न्याय संहिता, 318(4). फसवणूक करून पैसे उकळणं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड आहे, भलताच माणूस असल्याची बतावणी करून संगणक किंवा मोबाइलवरून फसवणाऱ्यांसाठी. भाऊसाहेबांनाही कळवा.

खरी तुलना अजून राहिलीय. मुलीची आई गेली कित्येक वर्षं घरी बसून तयार कपड्यांचे धागे कापते, बटणं लावते. चिता कॅम्प-मानखुर्दच्या बायकांना असली कामं नवी नाहीत. 1976 साली, आणीबाणीत, जनता कॉलनी नावाची वस्ती पाडून तिथली माणसं इथे आणून टाकली तेव्हापासून हा भाग हातावर पोट घेऊनच जगतोय. त्या बाईचा ठेकेदार काही संत नाही. नगामागे दमड्या देतो, डाग पडला तर त्यातूनही कापतो, हिशेबाला आठवडा लावतो. पण, बाईच्याच शब्दांत, ‘माल खराब झाला तर पैसे कापील, उलटे मागायला येत नाही.’ मुलीने तिला सगळं चार दिवसांनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आपले तीन हजार बुडाले असते.

मोबाइलवरचं फुटकळ काम प्रामाणिकपणे देता येतच नाही, असं आपलं म्हणणं असेल तर पालघर जिल्ह्यातल्या आमले गावाला जाऊन या. मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधकांनी तिथल्या लोकांना हाताने लिहिलेले देवनागरी शब्द मोबाइलवर टाइप करायला दिले आणि त्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. शब्द वाचता येतील असे होते. नोंदणी शुल्क नव्हतं, नोटीस नव्हती. काम चोख झालं आणि लोकांना पैसे मिळाले. त्यातूनच पुढे ‘कार्य’ ही संस्था उभी राहिली. आपल्या धंद्याच्या दृष्टीने फारच निराशाजनक प्रकार.

आपलं गिऱ्हाईक मात्र वाढणार, याची खात्री बाळगा. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात देशात 2020-21 मध्ये 77 लाख गिग कामगार होते, 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील, असा अंदाज आहे. त्यांच्यातले पुष्कळ जण रात्री साडेदहाला कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतील. आपल्यासारख्या शंभराहून जास्त वेबसाइट सरकारने डिसेंबर 2023 मध्ये बंद केल्या. त्यावर दुसऱ्या नावाने उघडायचं, हा आपला उपायही ठाऊक आहे.

उरलेले साडेतीन हजार मिळणार नाहीत. आपला नंबर, करार, नोटिसा आणि पैसे गेलेल्या यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला आहे.

कळावे, लोभ पुरे झाला.

आपला,
गल्लीतला एक शेजारी

ता. क. हे वाचकांसाठी. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा; जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. गेले नसतील आणि नुसती नोटीस आली असेल तर एक रुपयाही पाठवू नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि कोर्ट कोणाच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने पैसे मागत नाही.