पाद्रीबुवा, पोच घेतली का?

गडचिरोलीहून इंद्रावती ओलांडली की बस्तर. तिथे १९६८ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशाचा कायदा आला: पाद्रीबुवांनी कुणाला बाप्तिस्मा दिला की तसं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, नाहीतर कैद किंवा दंड. स्वर्गातल्या वहीत नाव चढो न चढो, कलेक्टर कचेरीच्या आवक-बारनिशीत चढलंच पाहिजे. मग आपल्या महाराष्ट्रातही २०२५ मध्ये अशा कायद्याचा विचार करायला समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर पोलीस महासंचालक. आत्म्याचा मामला, तेव्हा खातं बरोबरच निवडलं म्हणायचं!

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षं तुटत आला. डोक्यावर ओंजळभर पाणी ओतलं, की मात्र सरकार धावत येतं.

आणि हिशोबही चोख. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीतून बाद. त्याची जात गावकरी विसरत नाहीत, फक्त तहसील विसरतं. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात दीक्षा दिली, त्या बौद्धांना केंद्राकडून अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० उजाडलं. ख्रिस्ती दलित अजून रांगेतच आहेत.