पहिला पाऊस जाऊ द्या, वहिनी

काय हो वहिनी, काल संध्याकाळी भावजी फीत घेऊन मागच्या आवारात फिरत होते. जुनं घर पाडायचं ठरलं वाटतं? अहो, लपवता काय, तुमच्या सासूबाईंनी सगळ्या आळीला सांगून झालंय. या अशा गडग्याजवळ.

कॉन्ट्रॅक्टर कोण, खालच्या आळीतला बंगला बांधला तोच? माणूस गोड आहे हो. चहाला बसला की उठत नाही. पण त्या बंगल्याच्या मालकिणीला छज्ज्यांचं विचारा एकदा. दर ठरला चौरस फुटावर, आणि ते फूट मोजायचे कसे हे कुणी बोललंच नाही. हिशेबाला बसल्यावर त्यानं छज्जे पूर्ण धरले, जिना दोन्ही मजल्यांवर धरला, टाकीखालचा स्लॅबसुद्धा धरला. शब्दानं शब्द वाढला, बोलणं बंद झालं, आणि गच्चीचा कठडा अजून गिलाव्यावाचून उभा आहे. म्हणून सांगते, छज्जा अर्धा की पूर्ण, सेंट्रिंगचं सामान कुणाचं, पाण्याचे टँकर कुणी मागवायचे, लाइटचा एक पॉइंट वाढला तर किती, सगळं कागदावर घ्या. भावजी म्हणतील, ओळखीचा आहे. ओळखीचा आहे म्हणूनच घ्यायचं! परक्याशी भांडता तरी येतं.

जोत्याचं इंजिनिअरवर सोडू नका. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात कुठवर चढलं होतं, ते त्याला काय ठाऊक, तो तेव्हा पुण्यात शिकत होता. तेवढं उंच जोतं कुणालाच परवडणार नाही, कबूल. पण रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, आपलं जोतं येत नाही, हे ध्यानात ठेवून चार पायऱ्या जास्त घ्या. मीटर, इन्व्हर्टर आणि कागदपत्रांचं कपाट मात्र वरच्या मजल्यावर.

आणि हो, स्लॅबच्या दिवशी भावजींनी रजा काढायचीच. नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढला की मालक निघून जातात. खरी गंमत पुढे असते. एकानं मिक्सरपाशी उभं राहायचं. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी लागतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण माल पातळ असला की भराभर पसरतो, म्हणून बादली ओतायला हात सैल सुटतो. आणि दुसऱ्यानं वर, सळईपाशी. सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात ना, कव्हरचे? घमेलं घेऊन ये-जा करणाऱ्यांच्या पायानं ते सरकतात, सळई थेट फळीला टेकते. वरून काँक्रीट पडलं की कुणाला दिसतंय! मग आपल्या दमट हवेत सळई गंजते आणि काही वर्षांत स्वयंपाकघरात डोक्यावर पोपडे पडायला लागतात. नुसतं उभं राहायचं, ठोकळा सरकला की बोट दाखवायचं. बिगारी चिडत नाहीत, मुकादम चिडतो.

दुसऱ्या दिवसापासून आळी करून पाणी भरून ठेवा. आठवडा तर हवाच, पीपीसी सिमेंट असेल तर १० दिवस. हे काम रोजंदारीच्या माणसावर सोपवू नका, तुमच्या सासऱ्यांना द्या. निवृत्त माणूस, सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे राहतील आणि घरात लुडबुड कमी!

सळई उतरवतानाही तेच बसू देत वजनकाट्याशी. १२ एमएमची ४० फुटी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरली पाहिजे. फारच कमी भरली तर माल परत.

बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालून छत बघा. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो, वायरींचे आणि नळाचे पाइप दिसतील असा. पुढे पडद्याची दांडी ठोकताना उपयोगी पडतो. आमच्या नणंदेकडे सुतारानं ड्रिल थेट पाण्याच्या पाइपात घातलं, भर दिवाळीत.

आता मुद्द्याचं. वास्तुशांतीच्या पंगतीत कॉन्ट्रॅक्टर जेवायला बसेल, जिलबीची तारीफ करील आणि पाहुण्यांसमोर शेवटचा हप्ता मागेल. भावजी भिडस्त, लगेच पाकीट काढतील. म्हणून करारातच लिहून घ्या की दहा टक्के रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर मिळेल. खिडकीवरून ओल येते का, गच्चीचा कोपरा पाझरतो का, हे जुलैत कळतं, मे महिन्यात नाही. पैसे आपल्या हातात असले की तो गळती काढायला येतो. नाहीतर फोन उचलत नाही, आणि मग सगळ्या गावासारखी गच्चीवर पत्र्याची शेड घालायची, ती पुन्हा आपल्याच खर्चानं.

तेवढं आज रात्रीच भावजींच्या कानावर घाला. उद्या ते आगाऊ पैसे द्यायला निघालेत म्हणे.