खांबाला टेकलेला लेखक

लेखकाचं जतन केलेलं घर म्हटलं की चष्मा, दौत, आरामखुर्ची आणि ‘हात लावू नये’ ही पाटी. आमच्या तिसगावहून शेवगावमार्गे नेवाशाला जा, तिथं यातलं काही नाही. आहे तो एक दगडी खांब, पैस. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून नऊ हजार ओव्या सांगितल्या, असं मानतात. उतरवून घेतल्या सच्चिदानंदबाबांनी, त्यामुळे काचेत ठेवायला लेखकाची लेखणीसुद्धा नाही! परवा खांबासमोर सेल्फी काढून एका गृहस्थांनी विचारलं, “यांचं घर कुठंय हो?”

म्हटलं, “आळंदीला, सिद्धबेटावर. संन्याशाची पोरं ना, गावात कोण राहू देतंय!”

“मग तिथं पार्किंग असेल?”