भाच्याच्या तोंडाला जळंबलाच पाणी सुटावे यासाठी

अभिजात अभिसंधान शिकायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मलकापूरहून अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर आणि सुट्टीला आलेला एक भाचा, एवढ्यावर भागते.

साहित्य : भाचा (भुकेला) १, शेगावची गरम कचोरी, तळलेल्या हिरव्या मिरचीसह, दर फेरीला १, सुटे पैसे.

कृती :

१. कचोरी तोंडात गेली की लाळ सुटते. हे पोरगं जन्मतःच शिकून आलेलं असतं. तिथे तुमचे श्रेय शून्य. 'जळंब' ही पाटी पाहून मात्र त्याला काहीच होत नाही, याची आधी खात्री करून घ्या.

२. पाटी दिसताच म्हणा, "जळंब आलं रे!" पुढे शेगावला गाडी थांबताच कचोरी हातात द्या. आधी खूण, मग खाणे. कचोरी संपल्यावर जळंब दाखवणे म्हणजे वरातीमागून घोडे. गाडी मध्येच आउटरला अडकली तर धडा कच्चा राहतो. दोहोंत अंतर जितके कमी तितके बरे.

३. दर फेरीला हेच करा. एक दिवस पाटी पाहूनच भाचा आवंढा गिळेल आणि विचारेल, "मामा, पैसे काढले का जी?" धडा पक्का झाला. हेच अभिजात अभिसंधान. रशियाच्या इवान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांत हेच पाहिले. त्यांचे १९०४ चे नोबेल मात्र पचनक्रियेवरच्या कामासाठी होते. चार कचोऱ्या रिचवणाऱ्यांना त्याचे मोल कळेल.

४. पुढे तो जळंबच्या आधी येणाऱ्या नांदुऱ्याची पाटी पाहूनही आवंढे गिळू लागेल. हे सामान्यीकरण. तिथे त्याला फक्त तिथल्या १०५ फुटी हनुमान मूर्तीची गोष्ट सांगा, खायला काही देऊ नका. हळूहळू त्याला फरक कळेल. हे भेदबोधन.

धोका : पाटी दाखवून फेरीमागून फेरी कचोरी दिलीच नाही, तर लाळ हळूहळू आटते. याला विलोपन म्हणतात आणि त्याचा आमच्या भागातला सर्वांत मोठा प्रयोग खामगाव–जालना रेल्वेमार्गावर चालू आहे. मागणी इंग्रजांच्या काळची, मार्ग अजून कागदावरच. सर्वेक्षणाची बातमी आली की चिखली, देऊळगाव राजाकडची माणसे एकेकाळी हरखून जात. आता पान उलटतात. तरी विलोपनाने जुना धडा पुसला जात नाही, मध्ये काळ गेला की तो आपोआप डोके वर काढतो. शास्त्रात याला उत्स्फूर्त पुनरागमन म्हणतात. आपल्याकडे ते निवडणुकीच्या तोंडावर होते.

म्हणून मामालोकहो, भाच्याशी पुढाऱ्यासारखे वागू नका. जळंबला पुकारा केलात, तर शेगावला कचोरी घ्याच.