एक जीआय टॅग कचऱ्यालाही

आपल्या देशात कशालाही वारस मिळतो. रसगुल्ल्यासाठी बंगाल आणि ओडिशा कडाकडा भांडले. २०१७ मध्ये एकाला आणि २०१९ मध्ये दुसऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे पाक एकच, पातेली दोन. कोल्हापुरी चप्पल महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने चार-चार जिल्ह्यांत वाटून घेतली. आमचं मध्य प्रदेश सरकार तर काळ्या कोंबडीसाठी छत्तीसगडशी भिडलं आणि २०१८ मध्ये झाबुव्याच्या कडकनाथचा टॅग जिंकून आलं. बासमतीसाठीही आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. तांदूळ, कोंबडी, चप्पल, मिठाई, कशाचंही नाव काढा. 'ते मूळचं आमचं' म्हणणारी दोन राज्यं आणि त्यावर चर्चा घडवणारी चार चॅनेलं तयारच असतात.

अशा या देशात ३३७ टन माल मात्र अनेक वर्षं बेवारस पडून होता. कोणत्याही राज्याने त्यावर हक्क सांगितला नाही, कोणत्याही सेनेने त्यासाठी बस फोडली नाही, कोणत्याही संमेलनात त्याच्यासाठी ठराव झाला नाही. हा माल म्हणजे भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला विषारी कचरा. हा अन्याय दूर व्हावा म्हणून भोपाळच्या समस्त मराठी मंडळींच्या वतीने, त्यांनी सांगितलेलं नसतानाही, आम्ही चेन्नईच्या भौगोलिक मानांकन कार्यालयाकडे अर्ज करायचं ठरवलं आहे. अर्जाचा मसुदा वाचकांच्या माहितीसाठी देत आहोत. हरकती असल्यास लेखी कळवाव्यात.

मालाचं नाव व वर्णन. 'सेव्हिन' नावाच्या कीटकनाशकाचे अवशेष, नॅफ्थॉलचे अवशेष, रिअ‍ॅक्टरमधला गाळ, अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक आणि खणून काढलेली माती. पाच घटक असल्यामुळे पंचामृत म्हणण्याचा मोह होतो, पण आवरतो. २००५ मध्ये हा माल गोळा करून कारखान्याच्या शेडमध्ये ठेवला. टिकाऊपणाबद्दल खात्री बाळगावी.

उत्पादनाचा प्रदेश. भोपाळ. बाहेरच्यांना या शहराबद्दल दोनच गोष्टी ठाऊक असतात: 'शोले'तला सूरमा भोपाली आणि गॅस. इथे १८१९ ते १९२६ अशी शंभरावर वर्षं बेगमांनी राज्य केलं, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं भारत भवन इथे १९८२ पासून उभं आहे, रात्री दगडी पटियांवर बसून गप्पा छाटण्याची इथली रीत मोठी रसाळ आहे, हे सांगायला गेलं की पाहुणा ऐकून घेतो आणि विचारतो, "ते ठीक आहे हो, पण कारखाना कुठे आहे?"

ओळख बदलण्याचे प्रयत्न सरकारी पातळीवर जोरात आहेत. २०२१ मध्ये हबीबगंज स्टेशनचं राणी कमलापती झालं, २०२२ मध्ये होशंगाबादचं नर्मदापुरम, २०२३ मध्ये इस्लामनगरचं जगदीशपूर. प्रत्येक वेळी पाटी बदलताना कॅमेरे हजर होते. याच राज्याचा अर्भकमृत्यूदर नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली हजारी ४३ होता. देशाची सरासरी २८ आणि केरळचा आकडा ६. देशातला तेव्हाचा सगळ्यात वाईट आकडा आमचा, पण त्याच्यापुढे कॅमेरा लावायला कुणी आलं नाही. नाव बदलायला अधिसूचना पुरते; आकडा बदलायला दवाखाना लागतो, त्यात डॉक्टर लागतो आणि तो हजर असावा लागतो. एवढी यातायात कोण करतो!

ऐतिहासिक पुरावा. मानांकनासाठी जुने कागद जोडावे लागतात. त्या बाबतीत आम्ही श्रीमंत आहोत. वर्तमानपत्रांचं अख्खं संग्रहालय भोपाळमध्ये आहे आणि ते माधवराव सप्रे यांच्या नावाने आहे. घरची मराठी सांभाळून हिंदी पत्रकारिता घडवणारा, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारा हा माणूस. आज प्राइम टाइमला त्यांना बसवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?" संग्रहालय सुरू झालं १९८४ मध्ये. वर्ष लक्षात ठेवा.

खरा पुरावा त्याच्याही दोन वर्षं आधीचा आहे. भोपाळच्या राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात सप्टेंबर १९८२ पासून एकामागून एक लेख लिहून सांगितलं, की हा कारखाना एक दिवस शहराला गिळेल. 'ज्वालामुखीच्या तोंडावर बसलेलं भोपाळ' अशा अर्थाचा मथळाही दिला. त्याआधी कारखान्यात फॉस्जीनने एक कामगार दगावला होता. केसवानींनी तो धागा धरून कारखान्यातली आतली कागदपत्रं मिळवली होती. पण साप्ताहिक छोटं, शहर आडबाजूचं, भाषा हिंदी. दिल्लीच्या लेखी ती बातमी नव्हती, 'स्थानिक तक्रार' होती. विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा मजूरमंत्र्यांनी २५ कोटींच्या गुंतवणुकीची आठवण करून दिली आणि कारखाना म्हणजे काही उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नव्हे, भोपाळला काहीही धोका नाही, असा निर्वाळा दिला. केसवानींनी जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. २ डिसेंबरच्या रात्री टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि 'स्थानिक तक्रार' एका रात्रीत जागतिक बातमी झाली.

माध्यमांची ही मोजपट्टी अजून तीच आहे. माणूस जिवंत असताना बोलला तर ती जिल्हा वार्ता. मेला तर राष्ट्रीय बातमी. आणि हजारोंनी मेले तर परदेशी छायाचित्रकाराचं तिकीट निघतं. आता दर २ डिसेंबरला कारखान्यासमोरच्या जेपी नगरात ओबी व्हॅन लागतात. गॅसकांडाच्या स्मारकातल्या आईच्या पुतळ्याशेजारी उभं राहून वार्ताहर खालच्या पट्टीत बोलतो. शेजारच्या गल्लीतल्या म्हातारीला तो विचारतो, "माँजी, उस रात को याद करके कैसा लगता है?" माँजी सांगायला लागते, की बेटा, औषध मिळत नाही, पेन्शनचा कागद अडला आहे. तो मान हलवतो, कॅमेरामनकडे बघतो आणि म्हणतो, "नहीं नहीं, उस रात के बारे में।" औषधाची बातमी चालत नाही; ती वर्षाचे ३६५ दिवस असते.

मातीशी नातं. मानांकनाची मुख्य अट अशी, की मालाचा गुण त्या जागेच्या मातीपाण्यातून आलेला हवा. हापूसवाले आणि संत्रावाले इथे बरंच वाङ्मय लिहितात. आम्हाला त्याची गरज नाही. आमच्या मालाचा गुण मातीतून आलेला नाही, तो मातीत गेला आहे. नीरी आणि एनजीआरआय या संस्थांच्या २०१० च्या अभ्यासाने कारखान्याच्या आवारातली दूषित माती सुमारे ११ लाख टन धरली. त्यापुढे ३३७ टन म्हणजे वानगीदाखल पुडी. पाण्याचं म्हणाल तर आसपासच्या वस्त्यांतल्या हातपंपांवर लाल रंग फासून 'पिण्यास अयोग्य' लिहिलं गेलं, आणि नळाचं पाणी द्या हे सांगायला २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. भूमिपुत्र हा शब्द इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कोणत्याच मालाला लागू होत नाही.

बाजारपेठ. नाही. गुजरातमधल्या अंकलेश्वरला पाठवायचं ठरलं. गुजरातने आधी होकार दिला, मग लोक चिडल्यावर २००७ मध्ये नकार. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळा म्हटलं आणि आमच्या नागपूरच्या मामांचा फोन आला.

"काय रे बाप्पा, तुमचा कचरा आमच्या इथं पाठवून राहिले म्हणते!"

"मामा, कोर्टाने सांगितलंय. तिकडे भट्टी आहे ना."

"भट्टी असंल. पण छप्पन साली राजधानी नेली तवा कोणी इचारलं होतं काय आम्हाले? राजधानी तुम्हाले, अन् कचरा आम्हाले?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सचिवालय भोपाळला आलं. विदर्भाचा अनुशेष रुपयांत मोजतात. मामांनी तो टनांत मोजला. महाराष्ट्र सरकारनेही नकार कळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांचं आणि मुंबईचं एकमत झालं. मग जर्मनी. २०१२ मध्ये विमानाने हॅम्बुर्गला न्यायचं जवळजवळ पक्कं झालं, तर तिथल्या लोकांनीही 'आमच्या इथं नको' म्हटलं. प्रादेशिक अस्मिता ही फक्त आपल्याकडचीच चीज आहे असं समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

शेवटी माल गेला पिथमपूरला. धार जिल्हा, म्हणजे पवारांचं जुनं संस्थान. महाराष्ट्राने नाकारलेला कचरा मराठ्यांच्या एका गादीच्या दारात पोहोचलाच. शेजारी तीसेक किलोमीटरवर इंदूर, स्वच्छतेत देशात सतत पहिलं येणारं. खुद्द मध्य प्रदेश सरकारचाही पूर्वी पिथमपूरला विरोध होता, पण तो पुढे विरला. विरोध करण्यात सगळ्यात मागे पडेल त्याच्या अंगणात कचरा, हा या देशाचा अलिखित नियम आहे.

वाहतूक व प्रक्रिया. अत्युत्तम. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद कंटेनर निघाले. रस्ता मोकळा, पुढे-मागे पोलीस, सोबत रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब, अडीचशे किलोमीटरचा ग्रीन कॉरिडॉर. १९८४ च्या त्या रात्री वस्तीला सावध करणारा भोंगा सुरू करून लगेच बंद केला होता. माणसांना न मिळालेला बंदोबस्त कचऱ्याला मिळाला, हे विकासाचं लक्षण मानावं. पिथमपुरात बंद झाला, लाठ्या चालल्या, आंदोलनात दोघे भाजले. वाहिन्यांवर 'भोपाळ विरुद्ध पिथमपूर' अशी कुस्ती लावण्यात आली. त्यात एक अडचण आली: भोपाळचे गॅसपीडित स्वतःच सांगत होते, की हे विष पिथमपूरच्या लोकांच्या माथी मारू नका. एवढा समजूतदारपणा टीआरपीला मारक असल्यामुळे तो दाखवण्यात आला नाही.

त्याच वर्षी मे-जूनमध्ये हा माल जाळून संपला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे ३३७ टनांची आठशे टनांहून जास्त राख झाली. कचरा जाळून वाढवण्याचं हे तंत्र मग त्या राखेसाठी जागा शोधू लागलं. राज्यांनी नकाराची पत्रं तयार ठेवावीत.

उत्पादकाचं नाव व पत्ता. हा रकाना शेवटचा, आणि सगळ्या गदारोळात कोराच राहिलेला. तो भरायला फारशी अक्कल लागत नाही. उत्पादक: युनियन कार्बाइड. २००१ पासून मालक: डाऊ केमिकल, अमेरिका. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरला तडजोड झाली. ती अपुरी म्हणून केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. साफसफाईसाठी डाऊने १०० कोटी आगाऊ भरावेत, अशी मागणी केंद्राच्याच रसायन खात्याने २००५ मध्ये उच्च न्यायालयात केली होती. २०२३ मध्ये डाऊचे वकील भोपाळच्या कोर्टात उभे राहिले, ते या कोर्टाला आमच्यावर अधिकारच नाही हे सांगायला.

कचरा उत्पादकाला परत करता येत नाही, असं कुणी म्हणेल. तर २००३ मध्ये कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला सुमारे २९० टन पाऱ्याने दूषित कचरा युनिलिव्हरला जहाजाने अमेरिकेत न्यावा लागला होता. कोडाईकनालच्या लोकांनी 'हा तमिळनाडूत नको, कर्नाटकात न्या' असं म्हटलं नव्हतं. त्यांनी 'ज्याचा आहे त्याने न्यावा' म्हटलं होतं. आम्ही मात्र गुजरात, महाराष्ट्र, माळवा असे आपापसांत भांडत राहिलो, माध्यमांनी ती भांडणं रंगवली, आणि ज्याच्याशी भांडायचं त्याला त्या गर्दीत कुणी पाहिलंच नाही.

हा माल नेण्या-जाळण्याचं बिल १२६ कोटी रुपयांचं ठरलं. ते तुम्ही आणि आम्ही भरलं; त्यात डाऊचा एक रुपया नाही. उरलेली ११ लाख टन माती जागेवरच आहे. पुढच्या वेळी कुणी 'आमच्या मातीत हा कचरा नको' म्हणून रस्त्यावर उतरलं तर त्याच्याबरोबर जरूर उतरा, फक्त घोषणा पुरी द्या: मग तो कुणाच्या दारात, त्याचं नाव आणि पत्ता.