पिल्लू विमानतळावर अडकलंय
ऑनलाइन विकायला आलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू म्हणजे भलतं खर्चिक पाहुणं. स्वतः जवळपास फुकट. कारण मालकाची म्हणे बदली झालेली असते आणि त्याला फक्त ‘चांगलं घर’ हवं असतं. पाठवायचे ते गाडीभाड्याचे अडीच हजार. मग पिल्लू विमानतळावर अडकतं. तिथे त्याला एसी पिंजरा लागतो, पिंजऱ्याला विमा, विम्याला डिपॉझिट. सगळं ‘रिफंडेबल’ बरं का! भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ इथे मुकाट क्यूआर कोड स्कॅन करत सुटतो. रिफंड घ्यायलाही पिन टाकतो. पैसे घेताना यूपीआयचा पिन लागत नाही, हे बँकेचे मेसेज त्याने न वाचताच पुसलेले असतात.

व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवा म्हटलं की विक्रेत्याचा कॅमेरा बिघडतो. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागितला की विक्रेता दुखावतो: ‘सर, जनावरावर प्रेम करणारा माणूस फसवेल का?’ सर विरघळतात. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचं सुचेपर्यंत पिल्लाला विमानतळावर ताप भरलेला असतो. डॉक्टरांचे वेगळे.